आईच्या रेसिपीची वही ओपन सोर्स करताना: साधी मराठी वेबसाइट पहिल्यापासून शेवटपर्यंत कशी बनवायची

मी दिवसा ऐरोलीला एका ऑफिसात अकाउंट्स बघते, कोडिंगचा आणि माझ्या पगाराचा काडीचा संबंध नाही. रात्री जेवणं झाली, ओटा आवरला की लॅपटॉप उघडते ते निव्वळ हौस म्हणून. आजवर डझनभर प्रोजेक्ट सुरू केलेत, खर्चाचं ॲप झालं, टू-डू लिस्ट झाली, हवामानाचं पान झालं, सगळी अर्धवट पडलीत. टिकला तो एकच, ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमधल्या काकू-मावश्यांच्या रेसिपींची साइट, आणि तो टिकला कारण ती साइट माझी आई रोज वापरते आणि काही मोडलं की स्वयंपाकघरातून लगेच हाक येते, "अगं हे उघडत नाहीये गं!" पहिला ओपन सोर्स, म्हणजे कोणीही घ्यावा-बदलावा असा खुला, प्रोजेक्ट करणार असाल तर असा एक तरी माणूस आधी शोधा. तो घरातलाच असला तर उत्तम.

तर ती साइट कशी बनवली ते पहिल्यापासून सांगते. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट थोडंफार येतं असं धरून चाललेय, नसेल येत तर एमडीएन या वेब शिकवणाऱ्या साइटवर सगळं फुकट आहे, महिनाभर रोज तासभर दिला तरी इथपर्यंत येता. कोड इथे चिकटवत नाही, काय लिहायचं आणि का ते सांगते. लिहायला तुम्हालाच लागेल, नाहीतर हौस कसली.

कोडच्या आधी टायपिंग

माझं पहिलं म्हणणं हेच की एडिटर उघडायच्या आधी दहा रेसिपी नीट टाइप करून काढा. डिझाइन वगैरे नंतर. मी दोन रविवार आईशेजारी वही घेऊन बसले आणि तेव्हा कळलं की खरी भानगड कोडात नाहीच, ती "अंदाजाने", "मूठभर", "बोटाच्या एका पेरापर्यंत पाणी" यात आहे. आधी मी प्रमाणासाठी फक्त आकड्याची जागा ठेवली होती आणि पहिल्याच रेसिपीत मीठ चवीपुरतं! मग रचना बदलली. प्रत्येक जिन्नसाला तीन खाने, नाव, प्रमाण आणि एकक, त्यातलं प्रमाण रिकामं चालतं, आणि रिकामं असेल तर एककाच्या जागी जे लिहिलंय तेच जसंच्या तसं दाखवायचं. हे दहा रेसिपी टाइप केल्याशिवाय कळलं नसतं, आणि शंभर टाइप झाल्यावर कळलं असतं तर मी प्रोजेक्ट सोडून दिला असता.

आणखी एक खाना टाकायचा तो म्हणजे "इतर नावं". हा फार महत्त्वाचा आहे. आमच्याकडे सीकेपी घरं बरीच, त्यांचं बिरडं म्हणजे दुसरीकडच्या डाळिंब्या, तिसरीकडे तीच वालाची उसळ. घावन आणि धिरडं यावरून तर दोन मजल्यांत वाद आहे, मी त्यात पडत नाही, दोन्ही नावं टाकते. रोमन लिपीत शोधणाऱ्यांसाठीही स्पेलिंगं याच खान्यात टाकायची, कारण फोनवर मराठी कीबोर्ड असूनही अर्धे लोक इंग्रजी अक्षरांतच टाइप करतात.

हे सगळं एका जेसन फाइलमध्ये, म्हणजे नीट रचलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, ठेवायचं. डेटाबेस नको, सर्व्हर नको. हिशोब करा ना, देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत ३ बाइट घेतं, हजार चिन्हांची रेसिपी धरली तर ३ केबी, दीडशे रेसिपींचे साडेचारशे केबी, आणि सर्व्हरवरून दाबून आलं की त्याहून बरंच कमी. एखादा व्हॉट्सॲपवरचा सुप्रभात फोटो याच्याएवढा असतो. एवढ्यासाठी डेटाबेस म्हणजे डासावर तोफ.

जुन्या मजकुराबद्दल एक सावधानता. आमच्या सोसायटीच्या स्मरणिकेत काही रेसिपी होत्या, मला वाटलं फाइल मिळाली की कॉपी-पेस्ट करून मोकळी होईन. पेस्ट केल्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ. ती फाइल युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या, छपाईसाठीच्या डीटीपी फॉन्टमधली होती, त्यात देवनागरी अक्षर साठवलेलंच नसतं, इंग्रजी अक्षराला देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. अशा फॉन्टसाठी कन्व्हर्टर मिळतात पण जोडाक्षरं आणि रफार तपासावेच लागतात. थोडाच मजकूर असेल तर फोनवर बोलून टाइप करणं जास्त लवकर होतं, मी शेवटी तेच केलं.

फ्रेमवर्क? नको

रिॲक्टसारखा फ्रेमवर्क, म्हणजे साइटचा तयार सांगाडा, वाईट आहे असं नाही. पण तुमच्या हौशी प्रोजेक्टला सहा महिने हात लागला नाही आणि मग उघडून बघितलं की पन्नास पॅकेजं अपडेट मागतात, बिल्ड (कोडपासून साइट तयार करायची पायरी) चालत नाही, आणि जो एक रविवार मिळाला होता तो त्यातच जातो. माझ्या फोल्डरमध्ये एक एचटीएमएल फाइल, एक सीएसएस, दोन जावास्क्रिप्ट, एक जेसन आणि फॉन्टच्या दोन फाइली, बस. लिहिल्यापासून आजपर्यंत एकदाही "बिल्ड मोडला" हा प्रकार झालेला नाही कारण बिल्डच नाही.

एक करायचं, फाइलवर डबल क्लिक करून पान उघडायचं नाही. तसं उघडलं तर ब्राउझर जेसन वाचू देत नाही आणि पुढे ऑफलाइनचं काम तर होतच नाही. व्हीएस कोड एडिटरमध्ये लाइव्ह सर्व्हर एक्स्टेन्शन टाका किंवा पायथन असेल तर त्याचा एचटीटीपी सर्व्हर एका ओळीत चालू होतो.

फाइली यूटीएफ-८ मध्येच सेव्ह करायच्या आणि हेडमध्ये अगदी सुरुवातीला कॅरसेटचा मेटा टॅग. तो पहिल्या १०२४ बाइटच्या आत असावा लागतो, म्हणून सगळ्यात वर टाका आणि विसरून जा. जेसनमधला मजकूर पानावर दाखवताना तो टेक्स्ट म्हणूनच घालायचा, एचटीएमएल म्हणून नाही. उद्या बाहेरचं कोणी डेटा पाठवणार आहे, त्याने त्यात स्क्रिप्ट घुसवली तर ती चालता कामा नये.

मराठी म्हणून जे करावं लागतं ते

इंग्रजीतले धडे बघून साइट बनवली की हा भाग हमखास राहतो आणि साइट परक्या माणसाने बनवल्यासारखी दिसते.

पहिलं म्हणजे एचटीएमएल टॅगवर लँगमध्ये एमआर लिहायचं. बहुतेक टेम्प्लेटमध्ये तिथे ईएन असतं आणि ते तसंच राहून जातं. फरक काय पडतो तर मराठी ल आणि श यांचं वळण हिंदीपेक्षा वेगळं असतं, आणि ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाची सोय केलेली असते तो फॉन्ट ही भाषेची खूण बघूनच अक्षराचा आकार बदलतो. शिवाय स्क्रीन रीडरला कुठल्या भाषेत वाचायचं ते तिथूनच कळतं. तीन सेकंदांचं काम आहे.

फॉन्ट मी मुक्ता घेतला. मुंबईच्या एक टाइपने केलेला आहे आणि एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे, म्हणजे आपल्या साइटबरोबर ठेवून वाटायला मोकळीक. त्याची सात वजनं आहेत, सगळी घेऊ नका, रेग्युलर आणि बोल्ड पुरतात, आणि वॉफ-२ फॉरमॅटमध्ये घ्या म्हणजे साइज कमी राहतो. फॉन्ट-डिस्प्लेला स्वॅप द्या, म्हणजे फॉन्ट येईपर्यंत फोनचाच फॉन्ट दिसतो, पान कोरं राहत नाही.

मग लाइन-हाइट. इंग्रजीला १.४ छान दिसतं, आपल्याला वर वेलांटी-मात्रा-रफार आणि खाली उकार, मी १.७ ठेवलीय. आणि लेटर-स्पेसिंगला हातही लावू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द दाताच्या फटींसारखा दिसायला लागतो. इटॅलिकही नको. देवनागरी फॉन्टमध्ये बहुतेक वेळा खरं इटॅलिक नसतंच, ब्राउझर अक्षरं नुसती तिरकी ढकलतो, वादळात सापडल्यासारखी.

अक्षरं मोजण्याच्या फंदात पडणार असाल तर हे लक्षात ठेवा: "श्रीखंड" आपल्या हिशोबाने श्री, खं, ड अशी तीन अक्षरं, पण जावास्क्रिप्टची लेंग्थ सांगते सात. मी एकदा यादीतली लांब नावं ठरावीक लांबीवर कापली होती, तर एका नावाच्या शेवटी नुसता पाय मोडका स् लटकत होता. कापायचंच असेल तर सीएसएसच्या टेक्स्ट-ओव्हरफ्लोने कापा. अगदीच अक्षरं वेगळी करायची वेळ आली तर जावास्क्रिप्टमध्येच इंटल सेगमेंटर आहे, क्रोममध्ये २०२० पासून, फायरफॉक्समध्ये मात्र २०२४ मध्ये आला, आणि जुन्या ब्राउझरमध्ये तो जोडाक्षराचे तुकडे करू शकतो.

वर्णक्रमाचीही एक गंमत आहे. युनिकोडमध्ये ळ हे ल च्या पाठोपाठ बसलंय, आपल्या वर्णमालेत ते ह च्या नंतर येतं. त्यामुळे साधं सॉर्ट लावलं की केळ्याची कोशिंबीर केशरी भाताच्या आधी येते. सामान्य माणसाला पत्ता लागत नाही, पण आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका बाईंना दुसऱ्याच दिवशी लागला. इंटल कोलेटरला (जावास्क्रिप्टमधलं वर्णक्रम लावायचं साधन) मराठी भाषा देऊन सॉर्ट करा आणि आपल्या फोनवर हीच दोन नावं टाकून तपासा, तरीही उलटंच आलं तर वर्णांचा क्रम स्वतः लिहून द्या, पन्नासेक चिन्हांची तर यादी आहे.

शोध: थालीपीठ की थालिपीठ

हा माझा सगळ्यात आवडता भाग, यावर मी तीन आठवडे घालवले आणि ते सत्कारणी लागले असं अजून वाटतं.

लोक थालीपीठ, थालिपीठ, थालीपिठ असं सगळं टाइप करतात. अळूवडी, अळुवडी. कोथिंबीर, कोथिंबिर, कोथींबीर. शुद्धलेखन शिकवायला आपण बसलेलो नाही, त्यांना रेसिपी हवीय. म्हणून शोधायच्या आधी एक फंक्शन लिहायचं, शब्द आत घ्यायचा आणि त्याचं सपाट रूप बाहेर द्यायचं, आणि हेच फंक्शन टाइप केलेल्या शब्दावरही चालवायचं आणि आपल्या डेटातल्या नावांवरही. दोन्ही बाजू सपाट झाल्या की जुळतात. सपाट रूप फक्त तुलनेसाठी बरं का, पानावर मूळ शब्दच दाखवायचा.

त्या फंक्शनमध्ये आधी नॉर्मलाइज करून एनएफसी, म्हणजे युनिकोडचं एकसंध, रूप घ्यायचं. "वऱ्हाडी" मधला ऱ दोन पद्धतींनी टाइप होतो, एकदा सबंध चिन्ह म्हणून आणि एकदा र खाली नुक्ता देऊन, दिसायला सारखेच पण कॉम्प्युटरला वेगळे. एनएफसीने ते एक होतात. मग शब्दात लपलेले झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे काढून टाकायचे, ही न दिसणारी चिन्हं काही कीबोर्ड मधेच घालतात आणि मग शब्द डोळ्याला बरोबर दिसतो पण सापडत नाही, तासभर डोकं फुटतं. मग दीर्घ वेलांटीची ऱ्हस्व करायची, दीर्घ उकाराचा ऱ्हस्व, ई चं इ आणि ऊ चं उ. मग ॲ. हे एक चिन्ह म्हणूनही येतं, यू+०९७२, आणि अ वर चंद्र देऊनही टाइप होतं, आणि ही दोन एनएफसीनेसुद्धा एक होत नाहीत, हाताने बदलावं लागतं. शेवटी स्पेस काढायची कारण "अळू वडी" आणि "अळूवडी" दोन्ही चालतं.

अनुस्वाराच्या वाटेला मी अर्धीच गेले. न् पुढे त, थ, द, ध असेल तर त्याचा अनुस्वार करते, म्हणजे कान्दा लिहिणाऱ्याला कांदा मिळतो. त्यापुढे गेलं की नको ते शब्द जुळायला लागतात, म्हणून थांबले. श आणि ष एक करावेत का यावरही आमच्या प्रोजेक्टच्या पानावर एक इश्यू, म्हणजे नोंदवलेला प्रश्न, उघडा आहे.

दीडशे रेसिपींवर प्रत्येक अक्षर दाबल्यावर सगळी यादी चाळली तरी जुना फोनसुद्धा हूं की चूं करत नाही. कुठलीही सर्च लायब्ररी आणू नका.

सव्वा, दीड, अडीच

आईची फर्माईश होती की चार माणसांची रेसिपी दहा माणसांची करता यावी. गुणाकार सोपा आहे हो, पण उत्तर आलं "२.५ वाट्या तांदूळ" आणि आई म्हणाली हे कुठल्या भाषेत आहे. तिचं बरोबर होतं. आपल्याकडे अडीच म्हणतात.

मग असं करायचं: उत्तर चारने गुणून पूर्णांकात आणायचं आणि परत चारने भागायचं, म्हणजे ते जवळच्या पावाला येतं. मग पूर्णांक एकीकडे आणि उरलेला पाव-अर्धा-पाऊण दुसरीकडे. एकच्या आतले पाव, अर्धा, पाऊण. १.२५ ला सव्वा, १.५ ला दीड, २.५ ला अडीच हे तीन वेगळे लिहून ठेवायचे. बाकी सगळ्यांना नियम आहे, पाव उरला तर सव्वा आणि पूर्णांक, अर्धा उरला तर साडे आणि पूर्णांक, पाऊण उरला तर पावणे आणि पुढचा आकडा. १.७५ म्हणजे पावणेदोन, इथे पुढचा आकडा घ्यायला मी विसरले होते आणि आठवडाभर साइट पावणेएक सांगत होती. कोणाच्या शंकरपाळ्या बिघडल्या असतील तर माफी असावी.

यात लिंगही येतं, अर्धी वाटी पण अर्धा चमचा, म्हणून एककांच्या यादीत प्रत्येकाचं लिंग, एकवचन आणि अनेकवचन लिहून ठेवलंय. वाटी-वाट्या, चमचा-चमचे. ब्राउझरमध्ये अनेकवचनाचे तयार नियम मिळतात पण ते दीडला अनेकवचन धरतात आणि आपण "दीड वाट्या" म्हणत नाही, दीड वाटीच म्हणतो. म्हणून दोनच्या आत असेल तर एकवचन, पुढे अनेकवचन असा माझा साधा नियम, पावणेदोनला थोडा अडखळतो पण चालवून घेतलंय. ग्रॅममधले आकडे मात्र आकड्यांतच, टू-लोकेल-स्ट्रिंगला मराठी दिलं की ते आपसूक देवनागरीत येतात.

मीठ, तिखट आणि सोडा सरळ गुणाकाराने वाढवू नका. आम्ही त्यांच्यापुढे "चाखून" असं लिहितो.

ओट्यावरचा फोन आणि लोकलमधला फोन

हाताला पीठ लागलेलं असतं आणि नेमकी तेव्हाच स्क्रीन काळी होते. याला वेक लॉक नावाची सोय आहे, रेसिपी उघडली की ब्राउझरला सांगायचं स्क्रीन चालू ठेव. आयफोनवर सफारी १६.४ पासून चालते, क्रोममध्ये त्याच्या बरीच आधी आली. मेख एवढीच की मधे फोन आला किंवा दुसऱ्या ॲपमध्ये गेलात की लॉक सुटतो, म्हणून पान परत समोर आल्याची घटना ऐकायची आणि पुन्हा लॉक मागायचा. बटणं मोठी ठेवा, निदान ४८ पिक्सेल, पिठाच्या बोटाने दाबता आली पाहिजेत. आणि प्रिंटसाठी वेगळं सीएसएस लिहा, कारण दोन आज्यांना कागदच हवा असतो, त्यात मेनू, सर्च सगळं लपवायचं आणि अक्षर मोठं.

आता ऑफलाइन. मला हे हवं होतं ते माझ्या प्रवासामुळे. ठाण्याला दहा नंबर प्लॅटफॉर्मवर संध्याकाळी उतरताना भाजी काय घ्यायची ते बघायला फोन काढावा तर त्या गर्दीत नेट गोल गोल फिरत बसतं. आणि बिल्डिंगमधल्या काही स्वयंपाकघरांत वायफाय पोचतच नाही.

त्यासाठी सर्व्हिस वर्कर लिहायचा, ही आपली दुसरी जावास्क्रिप्ट फाइल. ती ब्राउझर आणि नेटच्या मधे बसते. पहिल्यांदा साइट उघडली की सगळ्या फाइली कॅशमध्ये (फोनमधल्या साठ्यात) टाकायच्या आणि पुढे कुठलीही फाइल मागितली की आधी कॅशमध्ये बघायचं. हे एचटीटीपीएसवरच चालतं, अपवाद फक्त लोकलहोस्टचा. बरोबर एक मॅनिफेस्ट फाइल लागते, त्यात नाव, भाषा, १९२ आणि ५१२ पिक्सेलचे आयकन, की मग साइट होमस्क्रीनवर ॲपसारखी बसते. आयफोनवाल्यांना मी आग्रहाने होमस्क्रीनवर टाकायला लावते, कारण सफारी सात दिवस वापरली आणि त्यात आपल्या साइटला हात लावला नाही तर ती साठवलेलं सगळं पुसून टाकते, होमस्क्रीनवर टाकलेल्या साइटला तसं होत नाही.

इथे मी जोरात आपटले होते. कडबोळ्यांच्या रेसिपीत मोहन चुकीचं पडलं होतं, मी दुरुस्त करून चढवलं, माझ्या फोनवर नीट दिसलं, आणि चार दिवसांनी पहिल्या मजल्यावरच्या काकू विरघळलेली कडबोळी घेऊन दारात! त्यांच्या फोनमधला कॅश जुनंच दाखवत होता. तेव्हापासून दोन नियम. कॅशच्या नावात आवृत्तीचा आकडा ठेवायचा आणि काहीही बदललं की तो वाढवायचा, नवा वर्कर जागा झाला की जुन्या नावाचे कॅश पुसायचे. आणि रेसिपीच्या जेसनसाठी उलटा क्रम लावायचा, आधी नेट, दोन-तीन सेकंदांत नाही मिळालं तरच कॅश.

गिट आणि साइट चढवणं

गिट म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन, लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलं, आपल्याला त्यातलं पाच टक्के पुरतं. बदल निवडायचा (ॲड), नोंदवायचा (कमिट), वर पाठवायचा (पुश), आणि कधीतरी वेगळी फांदी काढायची (ब्रांच). कमिट लहान ठेवा, संदेश मराठीत लिहिला तरी चालतो, मी लिहिते. फाइलींची नावं मात्र रोमनमध्ये ठेवा. देवनागरी नावं दिली तर गिट स्टेटस त्यांच्या जागी आकड्यांची रांग दाखवतं, कोअर डॉट कोटपाथ फॉल्स केलं की नीट दिसतं पण प्रत्येक मदत करणाऱ्याला ते सांगत बसावं लागतं. पानाच्या पत्त्याचंही तेच, देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर पेस्ट केला की एकेका चिन्हाची नऊ-नऊ अक्षरं होतात आणि थालीपीठाची लिंक अर्धी स्क्रीन भरते.

चढवायला गिटहबचं (गिटमधला कोड नेटवर ठेवायची साइट) पेजेस फुकट आहे, रेपोच्या, म्हणजे तिथल्या आपल्या प्रोजेक्टच्या, सेटिंगमध्ये जाऊन ब्रांच निवडायची, थोड्या वेळात साइट दिसते, एचटीटीपीएससकट. साइटची मर्यादा १ जीबी, आपण त्याच्या आसपासही जात नाही. दोन ठिकाणी नवखा माणूस हमखास अडकतो. एक, पत्त्यात रेपोचं नाव मधे येतं, त्यामुळे स्लॅशने सुरू होणारे मार्ग तुटतात, सगळे मार्ग सापेक्ष लिहा, सर्व्हिस वर्करचासुद्धा. दुसरं, विंडोजला फाइलच्या नावातलं लहान-मोठं अक्षर चालतं, तिकडच्या सर्व्हरला नाही. घरी सगळं चालतंय आणि चढवल्यावर फोटो गायब, तर आधी तेच बघा.

पहिल्या कमिटच्या आधी ईमेलचं बघून घ्या. प्रत्येक कमिटमध्ये तुमचा पत्ता जातो आणि तो जगजाहीर होतो, गिटहबच्या सेटिंगमध्ये पत्ता लपवून नो-रिप्लाय पत्ता मिळतो तो वापरा. आणि गिट विसरत नाही. मी सुरुवातीला रेसिपीखाली नाव आणि फ्लॅट नंबर टाकला होता, एका काकूंनी नको म्हटलं, काढला, पण जुन्या कमिटमध्ये तो तसाच. शेवटी सगळा इतिहास टाकून नवा रेपो केला. आता आधी विचारते, आणि नाव टाकायचं तर नुसतं पहिलं.

लायसन्स

रेपो पब्लिक केला म्हणजे ओपन सोर्स झाला असं नाही. लायसन्स फाइल नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने सगळे हक्क तुमचेच राहतात, दुसऱ्याने फक्त बघायचं. कोडला मी एमआयटी लावलं, छोटं आहे, कोणीही घ्या, बदला, विका, फक्त सूचना ठेवा. तुमचा कोड बदलून कोणी सर्व्हरवर चालवला तर त्याने तो बदललेला कोड उघडा करावा असं वाटत असेल तर एजीपीएल बघा, पण रेसिपीच्या पानाला ते जरा जडच होतं.

रेसिपींचा मजकूर म्हणजे कोड नाही, त्याला क्रिएटिव्ह कॉमन्सचं बीवाय-एसए ४.० लावलंय, आणि हे लावायच्या आधी प्रत्येकीला घरी जाऊन सांगितलं की तुमची पुरणपोळी आता कोणीही, अगदी पैसे घेऊनसुद्धा, छापू शकेल, नाव मात्र द्यावं लागेल. दोघींनी नाही म्हटलं. त्यांच्या रेसिपी काढल्या. छापील पुस्तकातून उतरवलेल्या रेसिपी तर घेऊच नका, वहीत पुष्कळ वेळा त्या पुस्तकातल्याच निघतात, विचारून खात्री करा.

लोक येतील तेव्हा

रीडमी, म्हणजे प्रोजेक्टची ओळख सांगणारी फाइल, मराठीत लिहा. काय आहे, कसं चालू करायचं, नवी रेसिपी कुठे आणि कशी घालायची, एवढंच, आणि एक नमुना रेसिपी पूर्ण भरून दाखवा, सूचनांपेक्षा लोक नमुना बघतात. सोप्या कामांना गुड फर्स्ट इश्यूचं लेबल लावून ठेवा आणि ती कामं स्वतः करायचा मोह आवरा, हे फार अवघड जातं. कोपरखैरण्याच्या एका कॉलेजच्या मुलाने असाच इश्यू उचलून रात्रीचा डार्क मोड करून दिला, त्याचा पहिला पुल रिक्वेस्ट (माझा बदल घ्या अशी विनंती) होता, मी चार चुका काढायला बसले होते, मग दोनच सांगितल्या आणि बाकी नंतर गुपचूप सुधारल्या.

काकू पुल रिक्वेस्ट करणार नाहीत हे उघड आहे. त्या व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज पाठवतात, मी ट्रेनमध्ये ऐकून घरी आल्यावर टाइप करते. तेही योगदानच, त्यांचं नाव योगदान देणाऱ्यांच्या यादीत कोड लिहिणाऱ्यांच्या बरोबरीने आहे.

सगळ्या मागण्या पुऱ्या करायला जाऊ नका. कोणी लॉगिन मागेल, कोणी कॉमेंट, कोणी कॅलरी. माझं ठरलेलं उत्तर आहे की कोड उघडा आहे, फोर्क करा, म्हणजे स्वतःची प्रत काढून हवं ते बदला. रागाने नाही, खरंच करावा.

सध्या सगळ्यात जुना उघडा इश्यू मुठीचा आहे. कोणीतरी विचारलं की मूठभर पोहे म्हणजे किती ग्रॅम, म्हणजे तेही गुणाकारात घेता येईल. मी वजनकाटा घेऊन बिल्डिंगमधल्या चौघींच्या मुठी मोजल्या, चार वेगळे आकडे आले, सगळ्यात मोठी सगळ्यात लहानीच्या जवळजवळ दुप्पट. सरासरी टाकावी असं माझ्या मनात होतं. आई म्हणाली, "ज्याची रेसिपी त्याची मूठ." म्हणून आता प्रत्येक रेसिपीत ती कोणाच्या मुठीने आहे याचा एक खाना वाढवायचाय, त्याला नाव काय द्यावं ते अजून सुचलेलं नाही.